दंड घालता येईल अशी साडी विका

लक्ष्मी रोड आणि आसपासच्या पेठांमधल्या समस्त साडी-दुकानदारांस,

सप्रेम नमस्कार.

मी कसब्यात फॉल-पिको आणि रफूचं काम करते. आईचं मशीन माझ्याकडे आलं त्याला आता चोवीस वर्षं झाली. तुमच्याकडून निघालेली साडी पुष्कळदा घरी पोचण्याआधी माझ्याकडे येते. तुम्ही ती गादीवर पसरता तेव्हा गिऱ्हाईक सुलट बाजू बघतं. माझं सगळं काम उलट्या बाजूवर चालतं, त्यामुळे तिथे काय दिसतं ते तुम्हाला सांगायचा मला थोडा हक्क आहे असं मी समजते.

गेल्या आठवड्यात एक आजी एक इरकल घेऊन आल्या. त्यांच्या सासूबाईंचं लुगडं. गर्द हिरवं अंग, लाल पदर, वापरून वापरून इतकं मऊ झालेलं की हातात घेतलं तर पाण्यासारखं घरंगळत होतं. बरोबर मध्यावर एक आडवी शिवण होती, हाताने घातलेली, टाके इतके बारीक की आधी बोटाला लागली आणि मग दिसली. आजी म्हणाल्या, "हा आमच्या सासूबाईंनी घातलेला दंड. आता त्याच्या शेजारी विरलंय. तुला जमेल का गं दुसरा घालायला?"

तुमच्या काउंटरवरच्या तरुण मुलांना दंड म्हणजे काय हे कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. बसायच्या जागी, टाचेपाशी ते आधी विरतं, बाकीचं धडकं असतं. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि धडके दोन भाग एकमेकांना जोडायचे. कधी दोन जुन्या लुगड्यांचे चांगले अर्धे जोडून एक करायचं. ती जोडाची शिवण म्हणजे दंड. नेसताना तो निऱ्यांत किंवा आतल्या वेढ्यात जाईल असा बेत करायचा. चारचौघांत दंडाचं लुगडं नेसायला बायका संकोचायच्या हे खरं आहे, गरिबीची खूण होती ती, आणि त्या गरिबीचं कौतुक मला करायचं नाही. पण त्या शिवणीमुळे कापडाचं आयुष्य काही वर्षांनी वाढायचं. त्यानंतर बाळाची दुपटी आणि कुंची व्हायची, कारण कोवळ्या अंगाला नवं कापड टोचतं. मग गोधडी. गोधडीही फाटली की आतले तुकडे फडकी म्हणून, पोतेरं म्हणून. शेवटी चिंधी मातीत गेली तरी मातीचं काही बिघडत नव्हतं.

त्या इरकलीवर मी तीन दिवस काम केलं. सुती-रेशमी धागा होता, सुईला वाट देत होता. पदराचा जोड मी मुद्दाम परत परत बघितला. अस्सल इरकलीत अंगाचा ताणा वेगळा असतो, पदराचा लाल ताणा वेगळा, आणि दोन्हीचे उभे धागे मागावरच एकमेकांत फासे घालून अडकवतात. म्हणून त्याला टोपपदर म्हणतात. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावच्या विणकराने हे कधी, किती वर्षांपूर्वी अडकवलं असेल कोण जाणे. एकही फासा सुटलेला नव्हता.

आता याच आठवड्यातली दुसरी गोष्ट सांगते, कारण पत्र लिहायला बसले ते तिच्यामुळे.

एका लग्नघरातून बस्ता आला. नवरीच्या साड्यांना फॉल-पिको, आईच्या, मावशीच्या, आत्याच्या साड्यांना फॉल-पिको. आणि दोन मोठ्या पिशव्या वेगळ्या, त्यांत चाळीस साड्या. मी विचारलं, यांना फॉल कुठल्या रंगाचा? नवरीची आई म्हणाली, "अगं, त्या देण्याघेण्याच्या आहेत. चुकून तुझ्याकडे आल्या. त्यांना कशाला फॉल?"

तुमच्याकडे पायरी चढल्या चढल्या पहिला प्रश्न येतो तो हाच, "वापरायची दाखवू, का देण्याघेण्याची?" मी स्वतः शेकडो वेळा ऐकला असेल. आता मात्र तो मला फार लागतो. म्हणजे घेणारी, विकणारा आणि जिला ती मिळणार ती, तिघांनाही आधीपासून ठाऊक आहे की ही साडी कुणी नेसणार नाही. एका साडीला साडेपाच मीटर धरलं तरी चाळीस साड्यांचं दोनशे वीस मीटर कापड झालं. ते विणलं, रंगवलं, छापलं, घडी घातलं, ट्रकमधून पुण्यात आणलं, आणि एक वारही कुणाच्या अंगाला लागणार नाही.

या साड्या पुढे कुठे जातात ते मला दिसतं. एका लग्नातून दुसऱ्या लग्नात, तिथून बारशात, बारशातून हळदीकुंकवात. एकदा पिकोसाठी आलेल्या साडीची घडी उलगडली तर आत चिठ्ठी होती, "वन्सं". आणणाऱ्या बाईंना वन्सं नव्हत्याच. कुणाच्या तरी नणंदेसाठी ठेवलेली साडी हिंडत हिंडत इथवर आली होती. आणि पाच-सहा घरं फिरून रंग विटला, घडी मोडली की मग तिचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही. आमच्या आळीत अजून एक बोहारीण येते. तिच्यापुढे असल्या साड्यांचा गठ्ठा ठेवला तर ती दोन बोटांत पोत चोळून बघते आणि म्हणते, "याच्यावर वाटीसुद्धा नाही देता येणार ताई." गोधडीत घालावं तर ते घाम शोषत नाही, सुईखाली सरकतं. पोतेरं केलं तर पाणी टिपत नाही. कचऱ्यात गेलं तर कुजत नाही, कारण पॉलिएस्टर म्हणजे खनिज तेलापासून केलेलं प्लास्टिकच, फक्त धाग्याच्या रूपात. धुताना त्याचे डोळ्याला न दिसणारे तंतू सुटतात, ते आपल्या नाल्यांतून मुठेत जातात. आपण कापडी पिशवीचा आग्रह धरतो आणि मानपानाला प्लास्टिकचे पाच-पाच मीटर वाटतो.

मान द्यायचा तर आपल्याकडे त्याची जुनी आणि फार सुंदर रीत आहे. खणानारळाने ओटी.

खण हा तुमच्याच दुकानातल्या कपाटात असतो, पण हल्ली देवीच्या ओटीपुरता. बागलकोट जिल्ह्यातलंच गुळेदगुड्ड हे त्याचं गाव. अरुंद पन्ह्याचं कापड, दोन्ही अंगांना काठ, मध्ये बारीक नक्षी, आणि एका खणात एक चोळी बसेल असं माप. माप माणसाच्या अंगावरून ठरलेलं, म्हणून तुकडे वाया जाणं जवळजवळ नाही. आमच्या आईच्या लहानपणी खण मिळाला की तो शिवायला टाकला जायचा. मिळालेली वस्तू अंगावर चढायची. आजही मुली खणाचं ब्लाउज आवडीने शिवून घेतात, साध्या सुती साडीवर घालतात. मग चाळीस साड्यांच्या जागी चाळीस हातमागाचे खण का नाही देता येणार? किंवा सुती पंचे, सोलापूरचे टॉवेल, रोजच्या वापराचं काही? कुटुंबाचा खर्च फार तर तेवढाच राहील, कदाचित कमीच होईल, आणि मिळालेली वस्तू वापरली जाईल.

माझी तुम्हाला पहिली विनंती ही आहे. बस्ता बांधायला आलेल्या माणसांना देण्याघेण्याच्या साड्यांचा ढीग दाखवण्याआधी एकदा खण दाखवा. तुमचा शब्द चालतो. लग्नघरातली माणसं थकलेली, गोंधळलेली असतात. तुमचे जुने सेल्समन जे म्हणतील ते ऐकतात. "वहिनी, आमच्याकडे आता सगळे खणच नेतात" हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं, तर माझ्यासारख्या शंभर जणींच्या पत्रांपेक्षा त्याने जास्त काम होईल.

मात्र तो खण खण असू द्या. गेल्या काही वर्षांत खणाची लाट आली, त्याच्या साड्या, कुर्ते, पर्सा, तोरणं सगळं निघालं, आणि त्यातलं पुष्कळसं यंत्रमागावरचं, मोठ्या पन्ह्याचं, पॉलिएस्टर धाग्याचं आहे. लोकांना वाटतं आपण विणकराला हात देतोय. त्या विणकरापर्यंत त्यातला रुपयाही पोचत नाही.

इथून मी त्या गोष्टीवर येते जी लिहायला मला जड जातं.

तीन वर्षांपूर्वी एक बाई आपल्या मुलीची लग्नाची पैठणी घेऊन माझ्याकडे आल्या. भिशीचे पैसे साठवून घेतलेली. दुकानाचं नाव मी लिहिणार नाही, तो माझा हेतूच नाही. त्यांना सांगितलं होतं, येवल्याची, हातमागाची. त्या म्हणाल्या, "पदराला मागून जाळी लावून द्या हं, बांगड्या अडकतात धाग्यांत." जाळी हा शब्द ऐकल्यावरच माझ्या पोटात कालवलं. पैठणीचा खरा पदर विणताना प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या नक्षीपुरता जातो आणि शेजारच्या रंगाशी गुंफून मागे फिरतो. त्यामुळे बांगडी मोर असो की मुनिया, पदर उलटा केला तरी नक्षी जवळपास तशीच दिसते. मागे लोंबते धागे नसतात, जाळी कशाला लागेल? त्या पदराच्या मागे मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत धागे मोकळे पडलेले होते. काठातून निघालेला एक धागा मी गुपचूप काडीवर धरला. रेशीम जळलं तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हा धागा वितळला आणि त्याची कडक काळी गुठळी झाली.

मुलगी शेजारीच उभी होती, पदर खांद्यावर धरून आरशात बघत होती. मी काही बोलले नाही. जाळी लावून दिली. ते न बोलणं तेव्हापासून माझ्या मनात आहे.

सेमी पैठणी, म्हणजे यंत्रमागावरची पैठणीसारखी साडी, सेमी म्हणून विकली तर त्यात काही गैर नाही, हे मी स्पष्ट लिहिते. यंत्रमागावर इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर ही गावंच्या गावं जगतात, ते कामगारही बारा-बारा तास उभे असतात. हातमागाची पैठणी विणायला पदराच्या कामाप्रमाणे महिन्यापासून वर्षापर्यंत वेळ लागतो, ती प्रत्येकीला परवडणार कशी? माझ्या स्वतःच्या लग्नात मला ती परवडली नव्हती. ज्या बाईला तीन हजारांत मोराचा पदर हवा आहे तिला तो जरूर द्या, फक्त तो कशाचा आहे ते तिला सांगून द्या. तिच्याकडून हातमागाचे पैसे घेऊन यंत्रमागाची साडी दिली, की दोघांवर अन्याय होतो, तिच्यावर आणि त्या विणकरावर. विणकराच्या बाजूने तर कायदाही आहे. संसदेने १९८५ साली कायदा केला आणि त्याखाली कापडाचे काही प्रकार फक्त हातमागासाठी राखून ठेवले गेले. सुरुवातीला ते बावीस होते, आता अकरा उरले आहेत, आणि साड्यांचे काही प्रकार त्यात आहेत. पैठणीला भौगोलिक मानांकन २०१० साली मिळालं. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात पस्तीस लाखांवर माणसं या कामात होती, त्यांत दहाजणांत सात बायका. माझ्या हातातली सुई आणि त्यांच्या हातातला धोटा यांत मला फार अंतर वाटत नाही.

तर दुसरी विनंती. प्रत्येक साडीच्या चिठ्ठीवर, किमतीच्या वर, दोन ओळी मराठीत लिहा. माग कुठला, हाताचा की यंत्राचा. धागा कुठला, सूत, रेशीम की पॉलिएस्टर. जरीचा धागा असेल तर तो चांदीचा, तांब्याचा की प्लास्टिकचा. गाव माहीत असेल तर गाव. "कॉटन सिल्क" एवढं लिहून भागत नाही, त्या दोन शब्दांखाली काय काय खपतं ते मला इस्त्रीखाली कळतं. खऱ्या हातमागाची खूण म्हणून हातमाग चिन्ह २००६ पासून आहे, खऱ्या रेशमाची खूण म्हणून सिल्क मार्क त्याच्याही आधीपासून. ज्या साडीवर ते आहे ती साडी कपाटात आत न ठेवता समोर मांडा. आणि सेल्समनना शिकवा. मध्यंतरी एक मुलगी नारायणपेठ साडी घेऊन आली, तिला दुकानात सांगितलं होतं, "ही आपल्याच नारायण पेठेतली, पुण्याची." ती साडी तेलंगणातल्या नारायणपेट गावची. आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ती नेसत आली, ती आपलीच झाली, हे छानच आहे. पण जिने विणली तिचं गाव पुसून आपल्या पेठेचं नाव लावणं बरोबर नाही. पुणेरी पगडीला २००९ मध्ये मानांकन मिळालं तेव्हा आपल्याला किती बरं वाटलं होतं, तसंच त्यांनाही वाटत असेल ना?

मला धागा कळणं का महत्त्वाचं आहे, तेही सांगते. रफू करताना त्याच जातीचा धागा वापरावा लागतो. रेशमावर पॉलिएस्टरचा धागा चालवला तर तो धागा करकचून राहतो आणि आजूबाजूचं रेशीम तोडतो. सुती साडीला न भिजवलेला सुती फॉल लावला तर पहिल्या धुण्यात काठ गोळा होतो. चिठ्ठीवर खरं लिहिलेलं असेल तर वीस वर्षांनंतरही कुणी तरी ती साडी नीट दुरुस्त करू शकेल. खोटी चिठ्ठी दुरुस्तीलाही फसवते.

थोडं नऊवारीविषयी. शिवलेल्या नऊवाऱ्या मी पण शिवते, ढोल-पथकातल्या मुलींसाठी, शाळेच्या स्नेहसंमेलनांसाठी, माझ्या घरचा निम्मा खर्च त्यावर निघतो. पण हल्ली चांगल्या हातमागाच्या साड्याही कात्रीखाली येतात. एकदा पँटसारखी कापली की ती साडी एकाच मापाची होते. बहिणीला होत नाही, लेकीला होत नाही, दंडाचा तर प्रश्नच मिटला. तुमच्याकडे शिवून देण्याची सोय असते तिथे गिऱ्हाइकाला एवढं विचारा, "नेसायला शिकायचं का? आमच्या काकू दहा मिनिटांत शिकवतील." अशा एक तरी काकू प्रत्येक दुकानात असतातच.

आणि तिसरी विनंती, यात माझा स्वार्थ आहे आणि तो मी लपवत नाही. दुकानाच्या एका कोपऱ्यात दुरुस्तीसाठी एक टेबल द्या. रफू, दंड, जुन्या साडीचा काठ काढून नव्या सुती अंगावर चढवणं, विरलेल्या साडीची गोधडी. पूर्वी पेठेत रफूगार शोधावा लागत नव्हता. आता माझ्याकडे हडपसरहून, पिंपरीहून बायका येतात, कारण त्यांना दुसरं कुणी सापडत नाही. उलट "जुन्या जरीच्या साड्या विकत घेऊ" म्हणणारे मात्र दारावर येतात. ते त्या साड्या जाळतात आणि राखेतून चांदी काढतात. एकीने आपल्या आजीचा शालू असा वजनावर दिला आणि दुसऱ्या दिवशी रडत माझ्याकडे आली, त्याचं काही करता आलं असतं का हे विचारायला. अंग गेलं होतं, काठ-पदर शाबूत होते, असं ती सांगत होती. करता आलं असतं.

याच शहरात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी स्वदेशी कापडाचं व्रत घेतलं होतं. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे भरजरी बसलेले असताना ते पांढऱ्या खादीत गेले. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. त्याच वर्षी ७ ऑगस्टला कलकत्त्यात स्वदेशीची हाक दिली गेली, म्हणून आता ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन असतो. त्या दिवशी सवलतीची पाटी लावाल तेव्हा तिच्या शेजारी माग-धागा लिहिलेल्या चिठ्ठ्याही लावा. एकदम सगळ्या मालाला जमणार नाही, हे मला समजतं. पैठणी आणि इरकल यांच्या कपाटापासून सुरुवात करा. नवरात्रापर्यंत खणाचं कपाट, आणि तुळशीच्या लग्नानंतर बस्ते सुरू होतील तोवर देण्याघेण्याचा प्रश्न.

तुमच्यापैकी कुणाला आपल्या माणसांना उलटी बाजू वाचायला शिकवायची असेल, तर तुमच्या सुट्टीच्या दिवशी मी येईन. पैसे नकोत. चार साड्या उलट्या पसरून ठेवा, एक काडेपेटी ठेवा. आजींचं इरकल शनिवारपर्यंत माझ्याकडेच आहे, त्यांची परवानगी घेऊन तेही आणीन. दुसरा दंड पहिल्यापासून दोन बोटांवर घातलाय. सासूबाईंचे टाके अजून माझ्यापेक्षा बारीक आहेत, तेही तुमच्या मुलांनी बघावेत.

आपली नम्र,
कसबा पेठेतली एक फॉल-पिको आणि रफूवाली